एका रात्रीचं दूध

पौडच्या त्या घरात परसात बाया हळद वाटत होत्या आणि आतल्या खोलीत जैनबी नातीचं, सायराचं, मनगट धरून बसली होती.

"हा निकाह व्हायचा न्हाई," ती म्हणाली.

महिनाभर म्हातारीचं हेच चाललं होतं. नको म्हणायची, कारण सांगायची नाही. नवरदेव मोहिद्दीन तिच्याच लेकीचा मुलगा, तरी त्याला ही नको म्हणते. आता बोला! म्हातारी चळली, असं म्हणून घर मोकळं झालं होतं. सायरानं मात्र हे लग्न हट्टानं मागून घेतलं होतं. मोहिद्दीनशिवाय दुसरं कुणी तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"का नको, ते आज तरी सांग, दादी."

जैनबीनं सुनेकडं पाहिलं. आबेदा लेकीच्या पिवळ्या ओढणीची घडी घालत होती.

"तुमी दोघं एकाच आईचं दूध प्यायलाय. माज्या शहनाजनं तुला पाजलंय. दुधानं भाऊ-भन हाय तुमी, असला निकाह हराम."

मोहिद्दीनची आई शहनाज दोन वर्षांमागं वारली होती. विचारायचं कुणाला?

"माझी आई घरात असताना आत्या कशाला पाजंल?"

"तिला ताप व्हता," जैनबी लगेच म्हणाली. "तू रातभर रडलीस. शहनाज माहेरी आलेली, मोहिद्दीन तिच्या अंगावर पीत व्हता. म्याच तुला तिच्या मांडीवर दिली."

"आन् एवढी वर्षं गप बसलीस? माझं वाटोळं तूच केलंस."

म्हातारीनं तो आळ अंगावर घेतला. सुनेचं नाव निघू नये, एवढंच तिला हवं होतं.

आबेदानं ओढणी खाली ठेवली. "ताप न्हवता."

"तू गप ऱ्हा."

"ऱ्हाऊ द्या, अम्मा. लई झाकलंत." ती लेकीसमोर बसली. "तू दीड महिन्याची व्हतीस. मला जीव नकोसा झाला व्हता. का, ते आजबी सांगता येत न्हाई. तुला पाळण्यात टाकून धरणावर गेले, जीव द्यायला. रातभर काठावर बसले."

सायरानं दादीच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"मग परत कशाला आलीस?"

"पहाटं दूध दाटलं. चोळी भिजली, छाती ठणकाया लागली. पोर उपाशी असंल, म्हणून पहिली एस्टी धरली." आबेदानं तिचा हात धरायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "आले, तर तू शहनाजच्या कुशीत पोट भरून झोपली व्हतीस."