सुबक अक्षरं

"अहो, पुन्हा काळा झाला," सिस्टर म्हणाल्या.

बस आगाराचे चार ड्रायव्हर वार्षिक डोळेतपासणीसाठी भिंतीलगतच्या बाकावर बसले होते आणि अर्धा तास हा खेळ बघत होते. जुना कागदी तक्ता आजच निवृत्त झाला होता. त्याच्या जागी समोरच्या भिंतीवर मोठा मॉनिटर आला होता आणि तो टेबलावरच्या लॅपटॉपला जोडला होता. अक्षरं उमटली होती खरी, पण पसरट, सुजल्यासारखी.

सिस्टरनी रेझोल्यूशनची यादी उघडून एक आकडा निवडला. पडदा क्षणभर काळा झाला, मग हा बदल ठेवायचा का म्हणून विचारू लागला आणि पंधरा सेकंद उलटे मोजायला लागला. सिस्टरना चष्मा सापडेपर्यंत वेळ संपली आणि सगळं पहिल्यासारखं. असं चारदा झालं. शेवटी बाकावरच्या मामांनी त्यांना सांगितलं, की चष्मा डोक्यावरच आहे.

मामा म्हणजे आगारातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडीवर काढलेली. आज नापास झाले तर उद्यापासून चौकशीच्या खिडकीत बसायचं, हे ठरलेलं. मामांनी त्या खिडकीची धास्ती घेतली होती. गाडी सोडून आपल्याला दुसरं काही येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अखेर सिस्टरनी यादीतला सगळ्यात वरचा आकडा निवडला आणि या खेपेला वेळेत बटण दाबलं. अक्षरं एकदम कोरल्यासारखी झाली. डॉक्टरबाई आतून आल्या, काय सुबक दिसतायत म्हणाल्या, आणि तपासणी सुरू झाली.

पहिला नंबर मिशीवाल्याचा. तो थेट शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मग हवालदार, आगारात सगळ्यांवर ओरडायचा म्हणून त्याला हे नाव पडलेलं. त्यानेही ती ओळ घडाघडा म्हटली. लंबूने तर चष्मा पुसायला हातात घेतला होता, तो डोळ्यांवर चढायच्या आधीच त्याची ओळ संपली. मामांना त्याच्या नजरेचं कौतुक वाटलं. तिघं पास झाल्याचा कागद घेऊन बाहेर गेले आणि लगेच त्यांचं हसणं ऐकू आलं.

मामा खुर्चीत बसले. वरच्या ओळी त्यांनी सहज वाचल्या. मधल्या डोळे बारीक करून वाचल्या. शेवटून दुसरीने घाम काढला, पण तीही निभावली. शेवटच्या ओळीच्या जागी मात्र त्यांना नुसती मुंग्यांची रांग दिसत होती.

"घाई नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तिघांना दिसलं ते आपल्याला दिसत नाही, म्हणजे संपलंच. पण ओळ त्यांना येत होती. अर्धा तास ती सुजलेली अक्षरं समोरच तर होती: प, ठ, र, ध, ल, भ. सहा अक्षरं म्हणायची आणि बाहेरच्या हसण्यात जाऊन मिसळायचं. पण सकाळच्या फेरीला त्यांच्या मागच्याच बाकावर मांडीवर दप्तर घेऊन त्यांची नात बसते.

"पाठ आहे मला," ते म्हणाले. "हवी तर म्हणून दाखवतो. पण दिसत नाही."

डॉक्टरबाई मामांच्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मग खणातून काहीतरी शोधू लागल्या. तेवढ्यात मामांनी मनातल्या मनात चौकशीची खिडकी झाडूनसुद्धा घेतली. बायकोला कसं सांगायचं तेही ठरवलं. फार वाईट वाटत होतं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

डॉक्टरबाईंना पट्टी सापडली. ती त्यांनी पडद्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षराला लावली. अक्षर नऊ सेंटिमीटरचं हवं होतं. साडेचार भरलं.

"सिस्टर, अक्षरं सुबक झाली, पण निम्मी झाली," त्या म्हणाल्या आणि मामांच्या कागदावर त्यांनी शिक्का मारला. "मामा, पास व्हायला लागते त्याहून बारीक ओळ तुम्ही वाचलीत. खुशाल गाडी चालवा."

मग त्या दाराकडे वळल्या.

"आणि सिस्टर, बाहेरच्या तिघांना परत आत बोलवा. ही शेवटची ओळ इथून कुणालाच दिसू शकत नाही."