अंगठीचा आवाज

"स्टेजला चालेल, स्टुडिओतही चालेल, शिवाय तुमच्या बजेटात बसेल," दुकानदार म्हणाला. मी रबरी पॅडवर काठी आपटली. शी! उलटी बादली बडवल्यासारखं वाटलं. पण ऑर्केस्ट्रावाल्यांना आता माझी ढोलकी नको, हा इलेक्ट्रॉनिक ड्रम हवा.

"ढोलकीपण आहे यात, काका!" त्याने बटण दाबून काठी मारली.

थाप वाजली आणि मागोमाग बारीक 'टिक्'. मी बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. वीस वर्षांपूर्वी एका स्टुडिओने 'नुसता नमुना' म्हणून माझी ढोलकी रेकॉर्ड केली होती. तेव्हा अंगठी काढायला विसरलो होतो; ती लाकडावर वाजली होती.

"हा माझा हात आहे," मी अंगठी दाखवत म्हणालो.

"तो टिक् होय? खराबी आहे ती." त्याने दुसरं बटण दाबलं. "बघा, गेली!"