आजाचा राब

माझा आजा बुधा दर वैशाखात राब भाजायचा. पाला आणि शेण जाळून भाताच्या रोपांची जागा करायचा. त्या भातावर आमचं अख्खं घर वाढलं.

एकसष्टच्या होळीला तो गेला. वैशाखात बोईसरकडून आलेल्या मोजणीवाल्यांनी शेतात खुंट्या ठोकल्या.

"जमीन म्हाताऱ्याच्या नावावर होती. म्हातारा मेला, आता जागा सोडा," त्यांचा साहेब म्हणाला.

त्या वर्षी राब आम्ही कोणीच भाजला नव्हता. तरी शेतात राख होती, गरम. तिच्यातून निघालेली राखाडी पावलं आमच्या दारात शिरली होती. उजव्या पावलाला अंगठा नव्हता. आजाचा अंगठा कोयत्यानं गेला होता.

आजी नवसीनं खुंटी उपटून साहेबापुढे टाकली.

"मालकाला इचार. घरात हाय."

आम्ही सगळे अंगणात उभे होतो.

आतून कोणीतरी खाकरलं.