दुसऱ्या वर्षाचे गुण

"दुसऱ्या वर्षाचं काय सांगणार आहात?" कारकुनाने गुणपत्रिका बघत विचारलं. "विचारणारच ते. पहिल्या वर्षी बहात्तर टक्के, दुसऱ्या वर्षी एकेचाळीस. एवढ्या जोरात तर आमची लिफ्टही खाली येत नाही."

ती कसंनुसं हसली.

"तरी यादीत नाव आलं तुमचं. मी दोनदा बघितलं. गुण कमी, पण प्राचार्यबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'बोलवा'. नशीब काढलंत."

ती बाकावर जाऊन बसली. शेजारी मामा होते. ते तिच्या कानाशी वाकले.

"टायफॉइड म्हण. टायफॉइड म्हटलं की कुणी उलटून विचारत नाही."

"अहो मामा, मला टायफॉइड झालाच नव्हता."

"मला झाला होता ना? माझा सांग. घरातलाच आहे."

तिने मान हलवली. बाकीच्या चार कॉलेजांनी गुण बघूनच फॉर्म परत पाठवले होते. ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायच्या कोर्सला, प्रवेश मिळाला तर इथेच, नाहीतर कायमचं चष्म्याचं दुकान. दोन वर्षं ती तिथे फ्रेमचे स्क्रू आवळत होती, काचा पुसत होती. एखादं गिऱ्हाईक डोळे बारीक करून पाटी वाचू लागलं की ती पाठ फिरवून काचा पुसू लागायची.

तिचं नाव पुकारलं गेलं.

आत लांब टेबलामागे दोघं होती. एक सर, चष्मा कपाळावर चढवलेले. दुसऱ्या प्राचार्यबाई. बाईंनी वर पाहिलंच नाही. तिच्या फाइलीत डोकं घालून बसल्या होत्या.

"जवळचं दिसेनासं झालेला माणूस आल्याआल्या काय सांगतो?" सरांनी विचारलं.

"हल्ली अक्षरं फार बारीक छापतात, असं सांगतो."

सर हसले. मग त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि त्यांचं हसू मावळलं.

"दुसऱ्या वर्षी काय झालं?"

टायफॉइड अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"माझे वडील बेकरीची गाडी चालवायचे," ती म्हणाली. "अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं काढलं की म्हणायचे, तुझी परीक्षा होऊ दे, मग महिनाभर निवांत लोळतो. मधेच लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी आली. तपासणी केंद्रात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. वर्षानुवर्षं तोच. मी आधी जाऊन तो उतरवून आणला. आठ दिवस भाजी निवडता निवडता त्यांच्याकडून पाठ करून घेतला. वरून खाली, खालून वर."

"आणि ते पास झाले?"

"हो. घरी येऊन म्हणाले, न चुकता म्हटलं सगळं. मी उड्या मारल्या."

"मग?" सरांनी विचारलं.

"दोन महिन्यांनी पहाटे गाडी पुलाचा कठडा तोडून खाली गेली. गाडीत पाव होते. दुसरं कुणी नव्हतं. वळणावरचा दिवा बंद होता, असं लोक म्हणतात. मी कुणाला काही बोलले नाही. मामा बाहेर बसलेत, त्यांनाही माहीत नाही. आईलाही नाही. पुस्तक उघडलं की मला तो तक्ता दिसायचा. म्हणून एकेचाळीस."

सरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही तपासणीत फसवणूक केलीत."

"हो."

"आणि आता तुम्हालाच डोळे तपासायला शिकायचंय."

"हो. माणूस वाचतोय की पाठ म्हणतोय, ते समोरच्याला ओळखता आलं पाहिजे. त्या दिवशी ते कुणी ओळखलं असतं तर अण्णा आज घरी असते. पण दोष त्या माणसाचा नाही. माझा आहे."

सर बाईंकडे वळले. "मॅडम, मला वाटतं, आपण इथेच थांबावं."

"सर, तुम्ही जरा चहा घेऊन या," बाई म्हणाल्या.

"पण बाहेर अजून अकरा जण—"

"घेऊन या."

सर गेले. दार लागलं. बाईंनी फाइलीतल्या तिच्या वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं आणि फाइल मिटली.

"तपासणीला तुम्ही वडिलांबरोबर गेला होतात?"

"नाही. माझं प्रॅक्टिकल होतं." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "तुम्हाला वर कळवायचं असेल तर कळवा. फक्त आईला आधी मी सांगते. तिला बाहेरून कळायला नको."

बाईंनी चष्मा काढून फाइलीवर ठेवला.

"त्यांनी तक्ता म्हटलाच नाही," बाई म्हणाल्या.

"म्हटला. त्यांनीच मला—"

"तेव्हा त्या केंद्रात डोळे मीच तपासायचे. ते माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'बाई, मला खोटं बोलवत नाही. सगळ्यात वरचं अक्षर सोडलं तर मला काही दिसत नाही. घरी माझी एक मास्तरीण आहे. तिने आठ दिवस खपून सगळं घोकून घेतलंय. तिला सांगेन, सगळं बरोबर आलं म्हणून. नाहीतर हिरमुसेल पोर. तिची परीक्षा होईपर्यंत तेवढं चालवून घ्या.'"

बाहेर मामा कुणाशी तरी मोठ्याने हसत होते.

"रांग फाटकापर्यंत गेली होती," बाई म्हणाल्या. "मी शिक्का मारला."