थंड गाडीचं ऑईल

सुदामकाकांनी आजही गाडी ढकलतच आणली. भर दुपारी दोन वाजता, पनवेलच्या कोळीवाड्यापासून थेट माधुरीच्या गॅरेजपर्यंत. शर्ट घामाने चिंब, धाप लागलेली, चेहरा मात्र लग्नघरातून आल्यासारखा.

"ऑईल बदल पोरी. तीन हजार झाले."

माधुरी पाना हातात घेऊन तशीच उभी राहिली. आयटीआय करून तिने हे गॅरेज काढलं, त्याला तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिला गाड्या कळल्या, हा म्हातारा काही कळला नाही. टाकीजवळच्या पट्टीवर पुढच्या ऑईलचा आकडा तिनेच लिहिला होता. मीटरवर बरोब्बर तोच आकडा. मागचं ऑईल जेमतेम पाच आठवड्यांपूर्वीचं. बाकीची गिऱ्हाईकं तीन हजारांचे सहा हजार करायची आणि इंजिन जाम झालं की कपाळावर हात मारायची. काकांची वेळ कधी चुकली नव्हती. पण पासष्ट वर्षांचा माणूस पाच आठवड्यांत तीन हजार किलोमीटर फिरतो कुठे? आणि एवढा फिरणारा माणूस गॅरेजला येताना गाडीवर बसत का नाही?

"काका, किती वेळा सांगू? ऑईल गरम असताना काढायचं. गरम झालं की पातळ होतं, सगळी घाण घेऊन खाली येतं. आज मी हात लावणार नाही. जा, गाडी चालवत आणा."

"चावी घरी रायली."

"मग घेऊन या. मी थांबते."

काका बाकावर बसले. आधी रस्त्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"चावी बायकोच्या कमरेला हाय," ते म्हणाले. "आनि मला गाडी चालवता येत नाय."

माधुरी हसणारच होती, तेवढ्यात तिची नजर मागच्या कॅरिअरवर गेली. दोरीच्या गाठीत माशाचे दोन-तीन खवले अडकून सुकले होते. इतकी वर्षं ते आपल्याला दिसले कसे नाहीत, याची तिलाच लाज वाटली.

गाडी दमयंतीची होती, काकांच्या बायकोची. पहाटे ती करंजाच्या बंदरावर जायची, मासळीचा टप मागे बांधून खारघरच्या टॉवरांत विकायची, बाराला घरी. जेवून चारपर्यंत झोप, की पुन्हा गाडी बाहेर.

"घेतली तवा मीच भांडलो," काका सांगू लागले. "बोललो, बाईमानसाला झेपायची नाय, महिन्यात इंजिन जाम करशील. ती बोलली, एकदा जरी बंद पडली ना, त्याच दिवशी इकीन आनि परत टप घेऊन एसटीच्या मागं पळीन. बोलली म्हंजे करनार. आनि आता बघ! पदर खोचून निघाली का सगळा कोळीवाडा बघत रातो. गल्लीभर सांगते, माज्या गाडीला तेल लागतच नाय." काकांचे डोळे चमकले. "मी चुकलो होतो गो. पन हे आता कोन्या तोंडानं सांगू?"

"आणि चावीशिवाय हँडलचं लॉक कसं काढता?"

"लॉक करायचं इसरते ती. इसरभोळी हाय, तेच बरं."

माधुरीने डबा खाली सरकवला आणि बोल्ट काढला. थंड ऑईल काकांइतकंच हट्टी. जाड धार लागली, मग बारीक, मग नुसते थेंब. तिने गाडी डावीकडे कलती केली, उजवीकडे केली. तीन वाजले. काकांचा जीव टांगणीला लागला होता. चारला दमयंती उठणार आणि दारात गाडी नसणार. तरी माधुरी बोल्ट लावायला गेली की ते तिला थांबवत.

"येऊ दे सगळं. घाण रायला नको. तिला भररस्त्यात दगा नको."

साडेतीनला नवं ऑईल पडलं. माधुरीने पट्टीवर नवा आकडा लिहिला, गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि पहिल्यांदाच मागून गाडीला हात लावला. दोघं ढकलत कोळीवाड्यात पोचली. काकांनी अंगणात खडूने खूण करून ठेवली होती. गाडी त्या खुणेवर उभी केली, पुढचं चाक होतं तसं वळवलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माधुरीकडे बघून असे हसले, की तिचा दिवस सोन्याचा झाला.

संध्याकाळी सहाला गॅरेजसमोर तीच गाडी येऊन थांबली. आता तिच्यावर दमयंती होती, पदर खोचलेली, मागे रिकामा टप. तिने केळीच्या पानात गुंडाळलेली दोन पापलेटं माधुरीच्या हातात ठेवली.

माधुरीने साळसूद चेहरा केला. "मावशी, ऑईल बदलायचंय?"

"छ्या! माज्या गाडीला तेल लागतच नाय," दमयंती पलीकडच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. मग गाडीवरूनच खाली वाकली आणि आवाज बारीक केला.

"मीटर तुज्या पट्टीच्या आकड्याला टेकलं का लॉक करायचं मी मुद्दाम इसरते. त्याला वाटतं मला कळत नाय. वाटू दे, खूश रातो बिचारा. पन आता त्याला गाडी चालवायला शिकव पोरी. तो ढकलत जातो, ढकलत येतो, नि तवर खोटं घोरून घोरून माजा घसा सुकतो."