सासऱ्यांची हरकत

पंख्यांच्या कंपनीचं बहुतेक भांडवल तोट्यानं गिळलं होतं. बुडालेला आकडा भागभांडवलातून कमी करायचा तर कोर्टाची मंजुरी हवी, आणि मंजुरीआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस! सासुरवाडीला सुगावा लागला असता तर अब्रू वेशीवरच टांगली गेली असती. म्हणून मालकानं काळं कुत्रंही वाचत नसेल असा पेपर हुडकून त्यात नोटीस दिली.

सुनावणीला न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

मागच्या बाकावरून सासरे उठले. हातात तोच पेपर होता. इस्त्रीवाल्यानं नेमके त्यातच त्यांचे शर्ट गुंडाळून दिले होते.

"बोला, काय हरकत आहे तुमची?"

"हरकत कसली साहेब, खुशाल कमी करा! पण पोरगी कफल्लकाला दिली म्हणून आमची ही लग्नापासून मला ऐकवतेय. आमच्या जावईबापूंकडे कमी करण्याइतकं भांडवल होतं, एवढं कोर्टानं लेखी द्यावं. तोंडी सांगून ती ऐकत नाही."