मनगटातली दोरी

होडी चालवणारा पाण्यात पडला तर मोटर बंद व्हावी, म्हणून मोटरला जोडलेली लाल दोरी त्याच्या मनगटात अडकवायची असते. सासऱ्यांनी ती मोटरच्या दांडीलाच गुंडाळून मोटर चालू केली. पुढ्यात माझी चिमुरडी बसलेली. "बाबा, दोरी हाताला लावा," मी धक्क्यावरून म्हणाले. "गळ टाकताना मध्ये येते. मी काय पडणाऱ्यातला आहे?" दीर हसला, "वहिनी पुस्तक वाचून होडी हाकणार!" नवरा कुजबुजला, "घरी गेल्यावर बोलू." "सगळे घरी पोहोचावेत म्हणूनच इथे बोलतेय." मी होडीत उतरून मोटरमधून दोरी उपटली. मोटर गप्प झाली. शेजारच्या होड्या बघू लागल्या. सासरे लालबुंद झाले. "आण ती इकडे!" त्यांनी हात पुढे केला. मी तोच हात धरला, मनगटात दोरी अडकवली, दुसरं टोक मोटरला जोडलं आणि लेकीशेजारी बसले. "आता करा चालू."